पडदा काळा झाला म्हणून संगणक भंगारात काढू नका

कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने संगणक आज कामगार वस्तीतल्या अनेक घरांत मुलांच्या अभ्यासाला लागले आहेत. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ही वस्तू. एके दिवशी बटण दाबावे तर दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच! "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या," असे कोणी सांगितले की घरातल्यांचा धीर सुटतो. अशा वेळी पैसे मोजण्याआधी थोडे थांबावे, असे आमचे सांगणे आहे. पुष्कळदा बिघाड केवळ ग्राफिक कार्डाचा असतो. ते बदलायला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो.

संगणकाचे काम चित्ररूपाने पडद्यावर पोचवणे, हे या कार्डाचे काम. ते करताना ते तापते. धुळीने त्याचा पंखा अडकला की उष्णता साचते आणि कार्ड जाते. जाण्याआधी बहुधा खुणा देते : पडद्यावर रेघा, रंगीत चौकोन, मध्येच अंधार.

आधी तपासणी

प्रथम पडद्याची वायर घट्ट बसवा. शेजाऱ्यांचा मॉनिटर लावून पाहा. काही जुने संगणक सुरू होताना 'बीप' वाजवतात. अ‍ॅवॉर्ड बायोसच्या संगणकात एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्राच्या भागात दोष.

आता प्लग काढा. मग सुरू करण्याचे बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतील भागांना हात लावा. विजेचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार धक्का देण्याइतकी वीज राहू शकते.

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसा आणि पुन्हा बसवा. एवढ्यानेही कितीतरी संगणक सुरू होतात. नाही झाला, तर कार्ड पूर्ण काढा. स्लॉटच्या टोकाशी असलेली खिटी दाबल्याशिवाय ते ओढू नका. मग मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या स्वतःच्या जागेत लावून संगणक सुरू करा.

चित्र आले, तर दोष कार्डाचा. इंटेलच्या २०११ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉप कोअर प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आतच असते. नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर नसते. ही सोय असेल तर वाचन, टंकलेखन, ऑनलाइन वर्ग यांसाठी वेगळ्या कार्डाची गरजच नाही. तिथेच खर्च वाचला! मदरबोर्डला अशी जागाच नसेल, तर ओळखीच्या कोणाचे चालू कार्ड लावून खात्री करावी.

कार्ड घेताना

साधारण २००४ पासूनच्या संगणकांत पीसीआय एक्सप्रेस स्लॉट येऊ लागला. त्याआधीच्या एजीपी स्लॉटमध्ये हे कार्ड बसत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डांना वेगळी वायर लागते आणि जुना एसएमपीएस तो भार पेलेलच असे नाही. म्हणून वेगळी वायर न लागणारे लहान कार्ड घ्यावे. जीटी ७१० सुमारे १९ वॅटवर चालते, जीटी १०३० सुमारे ३० वॅटवर. जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए वायर असेल, तर ती जागा कार्डावर आहे ना, हे पाहावे. जीटी १०३० वर ती नसते. डबा अरुंद असेल, तर कार्डाची उंचीही मोजावी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. फार जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड कधी कधी चालत नाही. म्हणून शक्य असल्यास संगणकच बरोबर न्यावा. वापरलेले कार्ड अर्धा तास चालवून दाखवा म्हणावे, आणि पावतीवर परतीची बोली लिहून घ्यावी. जुन्याच कार्डाला 'हीट मारून' देतो असे कोणी म्हणाले, तर नको म्हणावे. असे कार्ड चालू झाले तरी बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडते. कार्डाची किंमत दुसऱ्या जुन्या संगणकाच्या निम्म्यावर गेली, तर तो नाद सोडलेला बरा.

बसवताना

कार्ड सरळ धरून 'टक्' आवाज होईपर्यंत दाबा, स्क्रू लावा आणि मॉनिटरची वायर कार्डातच जोडा. चित्र दिसले की कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. पुढे दर काही महिन्यांनी मऊ ब्रशने पंख्याची धूळ काढा.

हे काम मुलांना, आणि मुलींना तर अवश्य, शेजारी बसवून करावे. डब्याच्या आत काय असते हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढच्या वेळी कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.