वाढत्या अंगाचं

पुरुषाच्या कोटाला छातीवरचा खिसा डावीकडे असतो. जुन्या कोटाला तो उजवीकडे दिसला, तर बहुधा तो कोट पूर्ण उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवलेला असतो. 1940 ते 1944, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये असे उजव्या खिशाचे कोट घालून भली भली माणसं वावरत. उलटवूनही ज्यात दम उरला नाही, त्यातून घरातल्या मुलाची अर्धी चड्डी निघे.

लोकर आणि कापूस समुद्रापलीकडून यायचे, ते ब्रिटिश नाकेबंदीने अडले. देशात होतं त्यातलं बरंचसं जर्मनीने उचललं. बाजारात उरलं ते लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं 'फिब्रान', ओलं झालं की जीव सोडणारं. 1941च्या जुलैत कपड्यांचं रेशनकार्ड आलं. त्यावर 100 पॉइंट, पण सुरुवातीला वापरायची मुभा फक्त 30ची. पोरं काही रेशनकार्डाला विचारून वाढत नाहीत.

फ्रेंच मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत अर्ध्या चड्डीतच असे, भर थंडीतसुद्धा. खाली लांब लोकरी मोजे, शाळेत वरून काळा किंवा करडा झगा. शिवणारीला ही अर्धी चड्डी सोयीची. मोठ्या माणसाची पँट विरते ती बैठकीला आणि गुडघ्यावर. गुडघ्याखालचं कापड शाबूत राहतं. तेवढ्यात सहा वर्षांच्या मुलाचं काम भागतं. आधी शिवण उसवायची, तीही दोरा न तोडता, कारण दोराही मिळत नसे. मग तुकडे धुऊन, इस्त्री करून, न विटलेली बाजू वर घेऊन त्यांवर कागदी बेत ठेवायचा. हे बेत 'ल प्ती एको द ला मोद' किंवा 'मोद ए त्राव्हो' या बायकांच्या मासिकांकडून मिळत. कापड कमी पडलं, तर जोड अशा जागी घ्यायचा की तो खिशाखाली झाकला जाईल. इलॅस्टिक दुर्मीळ, म्हणून लहानग्याची चड्डी बटणांनी सदऱ्यालाच अडकवायची. आणि खाली चांगली चार बोटं मुडप. दरवर्षी ती थोडी सोडायची. जुन्या घडीची रेघ मात्र इस्त्रीने जात नाही. मुलगा किती वाढला, ते त्या रेघांवरून मोजता यावं.

स्वेटर उसवून लोकरीच्या लडी करायच्या, धुवायच्या आणि वजन बांधून टांगायच्या, म्हणजे धाग्याचे वळसे निघतात. दोन स्वेटरांचा मिळून एक, म्हणून पट्ट्यापट्ट्यांचा.

याला फ्रेंचमध्ये 'सिस्तेम दे' म्हणतात, म्हणजे कसंही करून निभावून नेणं. त्याचं फार कौतुक होतं, आणि मला ते खटकतं. दिवसा पावासाठी रांगा लावून रात्री अपुऱ्या उजेडात पायमशीन चालवणाऱ्या बाईला ही हौस नव्हती. फ्रान्सचे तेव्हाचे प्रमुख पेतँ यांच्या सरकारने मातृदिनाचा मोठा गाजावाजा केला; कापड दिलं नाही. 1940मध्ये सुमारे 18 लाख फ्रेंच सैनिक कैद झाले, त्यांतले बहुतेक जर्मनीतल्या छावण्यांत गेले. अशा घरात कपाटातला नवऱ्याचा सूट हे सर्वांत चांगलं कापड. तो मुलासाठी फाडायचा, की नवरा परत येईल म्हणून राखायचा? कात्री लावायच्या आधी हे ठरवावं लागे.

काही आयांना याहून वाईट शिवण वाट्याला आलं. 7 जून 1942पासून जर्मनव्याप्त भागात सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने पिवळा तारा लावायचा हुकूम लागू झाला. तो छातीच्या डाव्या बाजूला, दिसेल असा आणि कपड्यावर पक्का शिवलेला हवा, असं हुकमातच होतं. तारे पिवळ्या कापडावर छापलेले, माणशी तीन. त्यांच्या बदल्यात कपड्यांच्या कार्डावरचा एक पॉइंट द्यावा लागे.