तारीख सांगू नका, तिथी सांगा

अलिबागजवळच्या आमच्या चौलात फुलांवर बरीच घरं चालतात, त्यातलं एक माझं. आजी देवळापुढे गजरे घेऊन बसायची, मी लग्नाच्या मांडवांची सजावट घेते. अलीकडे फाल्गुन-चैत्रात एक नवंच काम येऊ लागलंय, कोलॅब शूट. यात लग्न खरं नसतं. फोटोग्राफर, मेकअपवाली, साड्यांचं दुकान, दागिनेवाला आणि फुलंवाली असे सगळे मिळून एक नवरी उभी करतात. कुणी कुणाला पैसे देत नाही, फोटो मात्र ज्याने त्याने आपल्या जाहिरातीला वापरायचे. ऐकायला झकास आहे. पण साडी घडी घालून परत कपाटात जाते, दागिना डबीत जातो, माझा माल दिवेलागणीला माना टाकतो. म्हणून मी पहिल्याच फोनवर सांगून टाकते, मेहनत माझी, फुलांचा खर्च मात्र सगळ्यांत वाटायचा.

मुंबईची मंडळी रविवार बघून दिवस धरतात. मी तिथी विचारते, कारण शूट किनाऱ्यावर असतं. किनाऱ्यावर भरतीचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी सुरूच्या बनाकडे सरकलेलं. कमान रोवायची कुठे? पौर्णिमेला किंवा अवसेला हीच भरती अकरा-बाराच्या सुमारास येऊन जाते आणि संध्याकाळी नागावची पुळण लांबच लांब उघडी पडते. ओल्या वाळूत नवरीचं प्रतिबिंब हवं असेल तर तोच दिवस. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पायी जायलाही ओहोटीच लागते. तिथे फोटोंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, ते वेगळंच.

दुसरा मालक वारा. पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, तेव्हा पाकळी हलत नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि बाहेरून आणलेल्या फुलांची परीक्षा होते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते, त्यामुळे दादरचा माल गाडीसकट उतरतो. तळेगावकडचे डच गुलाब, जिप्सी, हायड्रेंजिया, काय हवं ते मिळतं. हायड्रेंजिया दिसतं भरघोस, पण पाण्याला इतकं हावरट की उघड्या किनाऱ्यावर बघता बघता लोळागोळा होतं. मी ते घेतच नाही.

चैत्रात इथल्या वाडीत काय कमी असतं? पांढऱ्या चाफ्याला पान नसतं, नुसती फुलं. तो तोडला की देठातून चीक गळतो आणि पैठणीवर पडला तर डाग बसतो, म्हणून चीक थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. सोनचाफा देठानेच धरायचा, बोट लागलं तिथे पाकळी काळी पडते. म्हणून तो सगळ्यात शेवटी, नवरी उभी राहिल्यावर खोवायचा. मोगरा सकाळी खुडलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. फोटोच्या वेळी अजून कळ्याच असतात, आणि फोटोत त्या उमललेल्या फुलांपेक्षा देखण्या दिसतात, असं माझं मत. अंबाड्याला अबोली. तिला वास नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतात. कॅमेऱ्याला वास कुठे कळतो! अबोली टिकते, आणि तिचा केशरी रंग सावळ्या मानेवर जसा उठून दिसतो तसा कुठल्याच गुलाबाचा दिसत नाही.

कमानीसाठी हिरवा फोम मी वापरत नाही. तो प्लास्टिकचाच भाऊ, चुरा होऊन वाळूत मिसळतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी केळीचा खांब. घड उतरवल्यावर तो तसाही कापायचाच असतो. त्याचे हातभर तुकडे करायचे, सुतळीने सुपारीच्या बल्ल्यांना बांधायचे आणि सळईने भोकं पाडून देठ आत सारायचे. खांबात पाणी भरपूर, त्यामुळे फुलं तासन् तास ताजी राहतात. बल्ल्यांच्या बुडाशी वाळूने भरलेल्या गोणी हव्यातच, नाहीतर कमान वाऱ्याबरोबर नवरीच्या डोक्यावर. वर नारळाची उमललेली पोय सोडली की मोत्यांच्या झालरी विकत आणायला नकोत.

आणि माझा आवडता प्रकार, पांढरा कांदा. याच दिवसांत रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा. एका शूटला मी दोन वेण्या कमानीच्या बाजूंनी सोडल्या, मध्ये अबोली आणि आंब्याची पानं. साडीवाल्या बाई आधी हसल्या, "नवरी आहे की मंडई?" फोटो आले तेव्हा जाहिरातीला त्यांनी तोच उचलला. उन्हात कांद्याच्या सालीला जी चमक येते ती कुठल्या फुलाला नाही. शिवाय शूट संपल्यावर वेण्या वाटून घेतल्या. फुकट गेलं नाही असं त्या दिवशी तेवढंच.

काम आटोपलं की फुलं आणि केळीचे तुकडे वाडीत खताला जातात. तारा आणि टाचण्या मी स्वतः वेचते, कारण त्या वाळूवरून लोक अनवाणी चालतात.

पुढच्या चैत्रात इकडे शूट करायचं मनात असेल तर फुलंवालीला फोन दिवस ठरवण्याआधी करा. जागा, कॅमेरा, साडी सगळं ठरल्यावर आलेल्या फोनला मी हल्ली नाहीच म्हणते.