तुऱ्याची बोली

पोपट म्हटला की मराठी मनाला प्रथम आठवते ती त्याची वाणी. ओसरीवरील पिंजऱ्यातला राघू ‘विठू विठू’ म्हणू लागला की घरच्यांना धन्यता वाटे. शुकबहात्तरीतील पोपट रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून घराच्या स्वामिनीला उंबऱ्याच्या आत थोपवून धरतो. आणि अर्थाविना घोकलेल्या शब्दांना आपल्या भाषेने ‘पोपटपंची’ असे नावच देऊन ठेवले आहे. सारांश, पोपटाने बोलावे आणि माणसाने ऐकावे, अशी आपली जुनी समजूत. या समजुतीमुळेच गेल्या काही दशकांत भारतातील शहरांमधून घरोघर पोहोचलेल्या एका परदेशी पक्ष्यावर मोठा अन्याय होत आला आहे. हा पक्षी म्हणजे कॉकाटील. त्याचा नर शीळ सुरेख घालतो, क्वचित चारदोन शब्दही उचलतो; मादी तर बहुधा तेवढेही करीत नाही. मग ‘हा काही बोलत नाही’ असा शेरा मारून घरची मंडळी मोकळी होतात. वस्तुतः तो पहाटेपासून अखंड बोलत असतो. केवळ ते बोलणे कंठातून येत नाही, तुऱ्यातून, पंखांतून, शेपटीतून आणि पायांतून येते.

कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणाऱ्या बाजारात काय किंवा मुंबई-पुण्याच्या पक्षीविक्रेत्यांकडे काय, या पक्ष्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. मद्याच्या मिश्रणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही; मूळ नाव डच भाषेच्या वळणाचे असून त्यामागे पोर्तुगीज शब्द असल्याचे सांगतात. आपल्याकडे त्याचा प्रसार होण्यास कायद्याचाही हातभार लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार आपला हिरवा राघू, करण पोपट, तुईया यांना पकडणे व पाळणे हा अपराध आहे, हे पुष्कळांस अद्याप ठाऊक नसते. कॉकाटील मात्र ऑस्ट्रेलियाचा, आणि पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढलेला. त्यामुळे हौसेची वाट त्याच्याकडे वळली. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम फूटभर लांबी, त्यात निम्मी शेपटीच. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. रानातला कॉकाटील राखाडी, पंखावर पांढरा पट्टा असलेला. नराचा चेहरा पिवळा आणि गालावर नारिंगी टिकली. आपल्या घरांतून दिसणारे पांढरे-पिवळे पक्षी हे पिंजऱ्यातील पैदाशीत उद्भवलेले रंगभेद होत. तो पोपट की काकाकुवा, याविषयी पक्षिशास्त्रज्ञांत पुष्कळ काळ मतभेद होता. गुणसूत्रद्रव्याच्या तपासणीने विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा निकाल लागला: कॉकाटील हा काकाकुवांच्या कुळातील सर्वांत लहान सदस्य आहे. कुळाची खूण म्हणजे इच्छेनुसार उभारता व मिटता येणारा तुरा. आणि दुसरी खूण म्हणजे पिसांतून झडणारी पांढरी पूड. ही पूड दमेकऱ्याच्या घरात उपद्रवी ठरते, हे पक्षी आणण्यापूर्वी ध्यानी घेतलेले बरे.

या पक्ष्याची भाषा समजून घ्यावयाची तर आधी त्याचा मुलूख डोळ्यांपुढे आणला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष, मोकळी माळराने. पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात भटकणारे थवे. आणि माथ्यावर घिरट्या घालणारे ससाणे. दाणे टिपण्यासाठी जमिनीवर उतरावे लागते आणि पाणी पिण्यासाठी उघड्या काठावर. दोन्ही वेळी प्राण तळहातावर घेऊनच वावरावयाचे. अशा जिण्यात शेजाऱ्याचा तुरा ताठ झाला एवढे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, तरी साऱ्या थव्याला पुरते; ओरडून सांगण्याइतका अवकाश प्रत्येक वेळी नसतो. ज्याला सारेच खाण्यास टपलेले, त्याचे जीवन दोन गोष्टींवर चालते: भय झटकन दाखविणे आणि दुबळेपण शक्यतो झाकणे. दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यात जन्मलेला कॉकाटील ससाणा कधी पाहत नाही, पण हे दोन्ही वारसे त्याच्या अंगी तसेच्या तसे असतात.

त्यांतील सर्वांत वाचनीय अक्षर म्हणजे तुरा. तुरा अगदी सरळ, काठीसारखा उभा राहिला की पक्षी दचकला आहे किंवा एखाद्या गोष्टीकडे त्याचे सारे चित्त लागले आहे, असे समजावे. हे चित्त भयाचे की कुतूहलाचे, ते तुऱ्यावरून एकट्याने कळत नाही. उरलेले शरीर पाहावे लागते. मान उंचावलेली, पिसे अंगाशी आवळलेली, देह नेहमीपेक्षा सडपातळ दिसणारा आणि पाय उड्डाणाच्या तयारीत, तर ते भय. मान पुढे झुकलेली, डोके एका बाजूस कललेले आणि पावले त्या वस्तूकडे सरकणारी, तर ते कुतूहल. तुरा अर्धवट मागे झुकलेला आणि त्याचे टोक किंचित वर वळलेले असेल, तर स्वारी स्वस्थ आहे. आणि तुरा डोक्याला पूर्णपणे चिकटून सपाट झाला, तर तेथे हात थांबविलाच पाहिजे. तो राग आहे, किंवा पळण्यास जागा न उरलेले भय आहे.

या सपाट तुऱ्याबरोबर पुष्कळदा चोच उघडी पडते, अंग डावी-उजवीकडे डोलू लागते आणि सापासारखा फूत्कार ऐकू येतो. झाडाच्या ढोलीत असलेली पिलेदेखील याच फूत्काराने आगंतुकाला भिववितात. अंधारात हात घालणाऱ्याला तो आवाज पुरेसा परिणामकारक वाटतो. पक्षी डोलतो म्हणून ‘नाचतो आहे’ असे मानून कौतुकाने बोट पुढे करणारे पाहुणे प्रत्येक घरी एकदा तरी येतातच. मग बोटातून रक्त निघते आणि पक्ष्याच्या माथी ‘चावरा’ हे विशेषण कायमचे बसते. पण क्रम नीट पाहिला तर काय दिसते? आधी तुरा मिटला, मग तो मागे सरकला, मग चोच उघडून फूत्कारला, आणि अखेरीस चावला. तीन इशारे वाया गेल्यावर चौथा त्याने दिला. असे वारंवार घडले की पक्षी पहिले तीन इशारे देण्याचेच सोडतो आणि एकदम चोच चालवितो. कारण त्याच्या अनुभवात तेवढेच उपयोगी पडलेले असते. पंख छाटलेल्या पक्ष्यात ही प्रवृत्ती अधिक दिसावी यात नवल नाही. उडून जाण्याचा मार्ग माणसाने बंद केला, तर त्याच्याजवळ चोचीवाचून दुसरे उरते काय?

सुखाच्या खुणा अर्थातच सौम्य असतात आणि म्हणून दुर्लक्षित राहतात. दिवेलागणीनंतर पक्षी काठीवर एक पाय पोटाशी घेऊन बसतो, पिसे किंचित सैल सोडतो आणि चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासून बारीक करकर असा आवाज काढतो. दात खाणाऱ्या माणसावरून हा क्रोध समजण्याची चूक होते. प्रत्यक्षात तो निद्रेपूर्वीचा निश्चिंतपणा असतो. एक काम संपवून दुसऱ्याकडे वळताना तो अंग फुलवून झटकतो आणि शेपटी दोनतीनदा भरभर हलवितो, जणू आंघोळ आटोपून माणसाने टॉवेल झटकावा. डोके खाली वाकवून मानेची पिसे उभारली, तर ती विनंती असते. तेथे चोच पोहोचत नसल्यामुळे थव्यात हे काम जोडीदार करतो. घरात ते माणसाच्या बोटाकडे येते.

नराचा डौल तर कोणालाही ओळखता यावा. खांद्यापासून पंख किंचित दूर धरून, छाती काढून तो ऐटीत येरझारा घालतो, शिळेवर शीळ घालतो, चोचीने टकटक करतो. समोर मादी असो, आरसा असो की स्टीलचे भांडे असो. मात्र पंख असेच दूर धरलेले, चोच उघडी आणि श्वास धापेचा, पण शीळ नाही नि ऐटही नाही, असे दृश्य नागपूरच्या वैशाखात किंवा दिल्लीच्या ज्येष्ठात दिसले तर ते प्रणयाराधन नव्हे. पक्ष्याला घाम येत नाही, तो उष्णतेने कासावीस झाला आहे. मादीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक ठरते. पाठीवरून हात फिरविला की ती खाली दबते, शेपटी उचलते आणि मंद किलबिल करते. घरच्यांना ते लाडिकपण वाटते. ती मीलनाची मुद्रा आहे. असे लाड रोजचे झाले की नराविना मादी अंडी घालू लागते, एकामागून एक घालते, त्यापायी शरीरातील चुना सरतो आणि एखादे अंडे आत अडकून प्राणावर बेतते. म्हणून जाणते लोक डोके व मान यांपलीकडे हात नेत नाहीत.

आता या साऱ्या वाचनात जेथे चूक महाग पडते, त्या भागाकडे वळले पाहिजे. थव्यात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या दृष्टीत प्रथम भरतो. यामुळे कॉकाटील आपले दुखणे अंगी बळ आहे तोवर लपवितो. ‘काल तर चांगला होता, आज एकाएकी गेला’ हे पक्षी पाळणाऱ्यांच्या तोंडचे नेहमीचे वाक्य. काल तो चांगला नव्हता, चांगला दिसत होता. पिसे क्षणभर फुलवून पुन्हा बसविणे हे आरोग्य. पण भर दुपारी, उकाड्यात, तासन्‌तास चेंडूसारखे फुगून बसणे हे शरीराची ऊब टिकविण्याची धडपड असते. दोन्ही पायांवर बसून डोळे मिटणारा, काठी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात गेलेला, आवडते कणीस पाहूनही तुरा न हलविणारा पक्षी ‘शांत झाला आहे’ असे म्हणणे म्हणजे तापाने ग्लानी आलेल्या मुलाला शहाणा म्हणण्यासारखे होय. शेपटीचीही अशीच दोन भाषणे आहेत. आडवी, भरभर हलणारी शेपटी आनंदाची; पण स्वस्थ बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होणारी शेपटी श्वास घेणे जड जात असल्याचे सांगते. तीत दिवस दवडण्यास जागा नाही, पक्ष्यांचा जाणकार पशुवैद्य त्याच दिवशी गाठावा लागतो.

दाणा परत ओकण्याचेही असेच. मान लयीत वरखाली करून, गिळलेले अन्न वर आणून, ते भांड्याला, आरशाला किंवा मालकाच्या बोटाला देऊ करणे हे जोडीदाराला भरविणे झाले. डोके झटकून, चिकट ओकारी आजूबाजूला उडवून, डोक्याची पिसे ओली झालेली दिसली, तर मात्र ते दुखणे आहे.

डोळ्यांना जे उशिरा दिसते ते तराजूला लवकर दिसते. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा आठवड्यातून एकदा, सकाळी दाणे देण्यापूर्वी वापरला आणि आकडा वहीत टिपून ठेवला, तर शंभर ग्रॅमच्या पक्ष्याची दहा ग्रॅम घट म्हणजे देहाचा दशांश गेला, हे पिसांच्या फुगवट्याखाली झाकलेले सत्य वेळेवर उघड होते.

आवाजाविषयी थोडेसे. घरातले माणूस दुसऱ्या खोलीत गेले की कॉकाटील तीक्ष्ण शीळ घालू लागतो. ‘सारे कुठे आहात?’ असा तो थव्यातील साथीदारांना विचारलेला प्रश्न. त्यावर माणसे आतून ‘गप्प बस!’ म्हणून ओरडतात; पक्ष्याच्या दृष्टीने हे चोख उत्तर मिळाले, म्हणून तो आणखी जोराने विचारतो. ठरावीक हलकी शीळ परत घातली, तर बहुतेक पक्षी तेवढ्यावर समाधान मानतात.

रात्रीचे भय मात्र शिळेने भागत नाही. गाढ अंधारात मोटारीचा झोत भिंतीवरून सरकला, मांजराची चाहूल लागली, किंवा दिवाळीत गच्चीवर फटाका उडाला, की कॉकाटील झोपेतच उसळी घेतो आणि पिंजऱ्याच्या तारांवर आपटत राहतो. पांढऱ्या-पिवळ्या जातीत ही खोड विशेष दिसते. दिवसा जे भय तुरा उभारून प्रकट झाले असते, ते अंधारात काहीच दिसत नसल्याने सारे पंखांत उतरते. नवी वाढणारी, रक्ताने भरलेली पिसे अशा वेळी तुटतात आणि एवढ्याशा देहाला तो रक्तस्राव सोसवत नाही. अशा वेळी पिंजऱ्यात हात घालू नये. मंद दिवा लावावा, पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून हळू आवाजात बोलत राहावे आणि तुऱ्याकडे पाहावे. तो काठीसारखा ताठ असेतोवर तेथून हलू नये. टोक वळवून मागे झुकला, पक्षी काठीवर चढला आणि चोचीची करकर ऐकू आली, की दिवा तसाच मंद ठेवून दार लोटून घ्यावे.