ध्रुवीय समुद्रातील हरितसृष्टी : रूढ समज आणि वस्तुस्थिती

थंडी म्हणजे जीवसृष्टीचा ऱ्हास आणि ऊब म्हणजे तिची भरभराट, हे समीकरण उष्ण कटिबंधात वाढलेल्या आपल्या मनात इतके खोल रुजले आहे की, ध्रुवप्रदेशाचे नाव निघताच एक गोठलेला, निर्जीव आणि निष्फळ असा शुभ्र विस्तार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. भूमीपुरते हे चित्र बव्हंशी खरे आहे. समुद्राला मात्र ते लागू पडत नाही. अंटार्क्टिकाच्या ज्या सागरात पाण्याचे तापमान उणे 1.8 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे खारे पाणी गोठण्याच्या अगदी हद्दीपर्यंत, उतरते, त्याच सागरात क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवाचे कोट्यवधी टन वजनाचे थवे वावरतात, आणि पृथ्वीवरील सर्वांत अवाढव्य प्राणी जो निळा देवमासा, तो त्यांवरच पोसला जातो. या सर्वांच्या अन्नाचा मूळ पुरवठा वनस्पतिप्लवक करतात. पाण्यात तरंगणारी, नुसत्या डोळ्यांना सुटी न दिसणारी ही एकपेशीय शैवले सूर्यप्रकाशाच्या बळावर कर्बवायूचे अन्नात रूपांतर करीत असतात.

ही गोष्ट आजकालची नव्हे. सन 1839 ते 1843 या काळात जेम्स क्लार्क रॉस यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेत ‘एरेबस’ जहाजावर असलेले तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी तेथील बर्फाला आणि पाण्याला चढलेला फिकट तपकिरी रंग पाहिला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासता तो डायटम नावाच्या शैवलांचा असल्याचे त्यांना आढळले. काचेसारख्या सिलिकेची, नाजूक नक्षीची डबी स्वतःभोवती घडवून तिच्या आत राहणारी ही पेशी ध्रुवीय समुद्रातील अन्नसाखळीचा पहिला दुवा आहे.

थंड पाण्यात शैवलांची वाढ होतच नाही, हा पहिला समज. त्यात तथ्याचा अंश आहे, पण अंशच. पेशीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात हे खरे, आणि अमेरिकी शास्त्रज्ञ एप्ली यांनी 1972 साली मांडलेल्या हिशेबानुसार 30 अंश तापमानाला शैवलांची संख्या दिवसातून जास्तीत जास्त पाचांहून अधिक वेळा दुप्पट होऊ शकते, तर शून्य अंशाला ती दिवसात एकदाही पुरती दुप्पट होत नाही. परंतु दोन दिवसांतून एकदाच दुप्पट होणारे शैवलही पंधरवड्यात सव्वाशे पटींहून अधिक वाढते, हे ध्यानात घेतले म्हणजे मंद वाढ आणि अल्प उत्पन्न या दोन गोष्टी एक नव्हेत, हे स्पष्ट होते. शिवाय ध्रुवीय डायटमांनी थंडीशी जुळवून घेतलेले असते: त्यांच्या पेशीपटलांतील असंतृप्त मेदाम्ले थंडीतही ती पटले लवचीक ठेवतात, मंदावलेल्या विकरांची भरपाई त्यांचे प्रमाण वाढवून केली जाते, आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस यासारख्या जाती बर्फाच्या स्फटिकांना आवर घालणारी प्रथिनेही तयार करतात. उलट उष्ण कटिबंधातील खोल समुद्रात वरचा हलका, कोमट थर एखाद्या झाकणासारखा बसून तळाशी असलेले नायट्रेट व फॉस्फेट वर येऊ देत नाही, आणि प्रवाशाला भुरळ घालणारा तेथील पाण्याचा निर्मळ निळा रंग बहुधा पोषणाच्या दुष्काळाचा असतो. आपल्या अरबी समुद्रातही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत तळचे थंड पाणी वर आणले म्हणजेच तेथे शैवलांना बहर येतो.

मग थंडी जर खरी अडचण नव्हे, तर अडचण आहे तरी कशाची? प्रथम प्रकाशाची, आणि येथेच दुसरा समज आडवा येतो की, बर्फाखाली काळोख असतो आणि काळोखात काही उगवत नाही. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बर्फात सामावत नाही. ते बर्फातील केसाएवढ्या बारीक नलिकांत खाऱ्या पाण्याच्या रूपाने साचते, आणि त्या नलिकांतच डायटम वस्ती करतात. बर्फ फोडीत जाणाऱ्या जहाजाच्या बाजूला एखादा तुकडा उलटला की त्याची खालची बाजू चहाच्या डागासारखी तपकिरी दिसते, ती यामुळेच. हिवाळ्यात क्रिलची पिल्ले याच थराला खरवडून जगतात. बर्फाखालच्या मोकळ्या पाण्यात मात्र बहर येत नाही, असे शास्त्रज्ञही दीर्घकाळ मानीत आले. परंतु जुलै 2011 मध्ये ‘हीली’ या जहाजावरून अलास्काच्या उत्तरेकडील चुकची समुद्रात गेलेल्या पथकाला सुमारे एक मीटर जाडीच्या बर्फाखाली, त्याच्या कडेपासून 100 किलोमीटरांहून अधिक आतवर पसरलेला, शैवलांचा विलक्षण दाट बहर आढळला. वितळलेल्या पाण्याची जी उथळ डबकी उन्हाळ्यात बर्फावर साचतात, त्यांतून प्रकाश खाली झिरपतो. ‘पोलरस्टर्न’ हे जर्मन संशोधन-जहाज 2019-20 मध्ये आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून ठेवले असता, ध्रुवीय रात्र नुकतीच सरत असलेल्या मार्च महिन्यात, भर उन्हाच्या दहा हजारांत एका भागाहूनही कमी उजेडात शैवलांची वाढ सुरू झाल्याची नोंद झाली. उपग्रहाला या गोष्टी दिसत नाहीत. बर्फ, ढग आणि रात्र यांच्या आड तो आंधळा असतो, आणि म्हणून केवळ त्याच्या चित्रांवरून ध्रुवीय समुद्राचे उत्पन्न ठरवणे धोक्याचे आहे.

बर्फ हटला की उन्हाळ्यातील चोवीस तासांच्या सूर्यप्रकाशात उत्पन्न आपोआप वाढत जाईल, ही समजूत याच्या अगदी विरुद्ध टोकाची, आणि हल्ली ती फार ऐकू येते. आर्क्टिक महासागरातील वनस्पतिप्लवकांचे उत्पादन 1998 ते 2018 या काळात सुमारे 57 टक्क्यांनी वाढले, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला, आणि तो या समजुतीला बळकटी देणारा वाटतो. पण त्या वाढीचा तपशील पाहता, आरंभीच्या दशकात ती मुख्यतः बर्फ हटून मोकळ्या झालेल्या पाण्यामुळे झाली, नंतर मात्र शैवलांची दाटीच वाढली. म्हणजे बाहेरून पोषक द्रव्यांचा नवा पुरवठा होत असला पाहिजे. जेथे हा पुरवठा नाही, तेथे प्रकाश कितीही असला तरी नायट्रेट संपताच वाढ खुंटते. कॅनडाच्या उत्तरेकडील खोल सागरात वितळलेल्या बर्फाचे व नद्यांचे गोडे पाणी वर पसरून खालची द्रव्ये अडवते, आणि तेथे मोठ्या डायटमांऐवजी अत्यंत लहान पेशींचे वर्चस्व वाढताना दिसले आहे; या बारीक पेशींतून माशांपर्यंत अन्न पोहोचण्यास मधल्या अनेक पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर त्यातील बराच भाग खर्ची पडतो.

दक्षिणेत तर याहून चमत्कारिक प्रकार आहे. तेथे नायट्रेट आणि फॉस्फेट उन्हाळाअखेरही विपुल शिल्लक राहतात, तरी बऱ्याच विस्तारावर शैवले विरळच असतात. याचे कारण लोहाची टंचाई असावी, ही शंका 1930 च्या दशकापासून व्यक्त होत होती. जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस अतिशय निर्मळ पद्धतीने मोजमापे करून ती सप्रमाण मांडली. भूमीवरून लोह घेऊन येणारी धूळ तेथे फारशी पोहोचत नाही. जेथे केर्गेलेनसारख्या बेटांभोवतीचा उथळ समुद्रतळ लोह पुरवतो, तेथे दरवर्षी ठळक बहर येतो.

या शोधातूनच सर्वांत आकर्षक आणि माझ्या मते सर्वांत घातक समज जन्मास आला: समुद्रात लोह शिंपडावे, शैवले वाढवावीत, आणि हवेतील कर्बवायू त्यांच्याबरोबर तळाशी गाडून टाकावा. याची कसोटी पाहण्यात आपल्या गोव्याचाही वाटा आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 2009 च्या आरंभी ‘लोहाफेक्स’ हा संयुक्त प्रयोग ‘पोलरस्टर्न’ जहाजावरूनच केला. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. पर्यावरणवाद्यांच्या हरकतींमुळे जर्मन सरकारने तो काही काळ तहकूब ठेवला आणि फेरतपासणीनंतर मंजुरी दिली. दक्षिण अटलांटिकमधील सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात विरघळवलेले लोह सोडल्यावर दोन आठवड्यांत शैवले दुप्पट झाली खरी. परंतु डबी घडवण्यास लागणारे सिलिसिक आम्ल तेथे आधीच संपुष्टात आलेले असल्यामुळे डायटम वाढू शकले नाहीत, इतर मऊ शैवले कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांनी खाऊन टाकली, आणि खोल पाण्यात पोहोचलेला कर्ब अगदी थोडा निघाला. त्याआधी 2004 साली झालेल्या ‘आयफेक्स’ प्रयोगात सिलिसिक आम्ल भरपूर होते, आणि तेथे डायटमांच्या बहराचा निम्म्याहून अधिक भाग 1000 मीटरांखाली गेला होता. लोह दोन्हीकडे सोडले असले तरी निष्पत्ती कोणत्या पाण्यात, कोणत्या जातींची आणि कोणत्या भक्षकांच्या समक्ष वाढ होते यावर अवलंबून राहते, आणि ती नंतर प्राणवायूवर आणि दूरच्या समुद्रांच्या पोषणावर काय परिणाम करील, याची हमी कोणालाही देता येत नाही. म्हणून धुराड्यांतून सुटलेल्या कर्बवायूची भरपाई दक्षिण महासागराकडून करून घेण्याच्या तजविजींवर, त्या कोणीही मांडोत, विसंबून राहू नये, असे मला निश्चित वाटते.