टॅबवरील वेळेची नोंद : चूक कोठे होते, कशी ओळखावी
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



२०२४-२५ च्या गळीत हंगामात आपल्या एका वयस्क सभासदाच्या फडाला रात्री आग लागली. वरून गेलेल्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि सव्वा एकर खोडवा बघता बघता पेटला. वेळ रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटे. सकाळी गट ऑफिसला निरोप आला, पण चिटबॉय दुसऱ्या शिवारात होता. तो बांधावर पोचला दुपारी दीडला. त्याने टॅब काढला, जळीत उसाचा फॉर्म उघडला आणि विचारले, "आबा, किती वाजता लागली?" आबा म्हणाले, "बारा वीसला." चिटबॉयने बारा वीस भरले, आबांनी सही केली.

दोघेही खरे बोलले, खरे लिहिले. तरीही कारखान्याच्या संगणकात आग लागल्याची वेळ दुपारी १२:२० अशी नोंदली गेली.

याचे दोन परिणाम झाले. जळीत उसाच्या तोडीचा क्रम आपण आग लागल्याच्या वेळेवरून लावतो. त्याच पहाटे जळालेले दुसरे तीन फड यादीत आबांच्या वर गेले आणि आबांच्या फडात टोळी पोचायला आणखी एक दिवस गेला. जळालेल्या कांडीवरचा मेणाचा थर जातो, साल तडकते आणि तिथून जिवाणू आत शिरतात. साखरेचे विघटन सुरू होते आणि वजनही घटते. हिरव्या उसापेक्षा जळिताला एकेक तास जड जातो, हे मी सांगायला नको.

दुसरा परिणाम अधिक वाईट. नुकसानभरपाईसाठी आबांनी कारखान्याचा दाखला जोडला. पंचनाम्यात आग रात्री १२:२० ची, आपल्या दाखल्यात दुपारी १२:२० ची. त्या आठवड्यात त्या फीडरला रात्रपाळीची वीज होती. साहजिकच शंका निघाली की दुपारी लाइनच नव्हती, मग तारांनी आग लागेल कशी? माणूस ऊसही जळून बसला आणि खोटाही ठरू लागला. तेही आपल्या कागदामुळे!

मी चिटबॉयला बोलावून घेतले. तो म्हणाला, "साहेब, मी बारा वीसच भरलं होतं. दुपार कुणी लावली?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायला मला आणि संगणक विभागातील मुलांना चार दिवस लागले. ते उत्तर सर्व सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख.

टॅबवर जो फॉर्म दिसतो तो आपल्या संगणक विभागाने तयार केलेला आहे. पण वेळेच्या चौकटीवर बोट ठेवले की जे घड्याळ उघडते ते आपले नव्हे, ते त्या टॅबचे स्वतःचे असते. औत आपले, बैल ज्याचे त्याचे, असा हा प्रकार. अँड्रॉइडच्या टॅबवर क्रोममध्ये फॉर्म उघडला तर गोल तबकडी येते. आधी तास निवडायचा, मग मिनिटे. आयपॅडवर तबकडी नाही, तिथे फिरणारी चाके येतात. ऑफिसच्या मोठ्या संगणकावर तोच फॉर्म उघडा, तर तास आणि मिनिटे चक्क टाइप करता येतात. फॉर्म एकच, पण हाताळणी तीन तऱ्हांची. त्यामुळे "माझ्या टॅबवर बरोबर येतंय" हे गट ऑफिसचे म्हणणे खरे असूनही उपयोगाचे नसते.

आता आबांची गोष्ट. वेळेची चौकट कोरी असली तर घड्याळ उघडताना त्या क्षणाची वेळ दाखवते. चिटबॉयने दुपारी दीडला फॉर्म उघडला, म्हणून तबकडीवर १:३० आणि बाजूला पीएम आधीच लागलेले होते. त्याने काटे बारा आणि वीसवर नेले. पीएमकडे त्याचे लक्ष गेले नाही, आणि जाणार तरी कसे? रात्रीचे बारा म्हणजे एएम आणि दुपारचे बारा म्हणजे पीएम, हे भल्या शिकलेल्या माणसालाही क्षणभर थांबून आठवावे लागते. हाच फॉर्म त्याने सकाळी भरला असता तर एएम आपोआप लागले असते आणि कुणाला काही कळलेही नसते.

कारखान्याकडे वेळ पोचते ती चोवीस तासांच्या हिशेबाने. मध्यरात्रीची १२:२० म्हणजे ००:२० आणि दुपारची १२:२०. टॅबच्या पडद्यावर त्या वेळी काय दिसत होते, हे इथे बसून कुणाला कळत नाही. म्हणून आम्ही पहिला उपाय टॅबमध्येच केला. अँड्रॉइड असो वा आयपॅड, तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये चोवीस तासांचे घड्याळ चालू करता येते. मग एएम-पीएम ही भानगडच राहत नाही. तबकडीवर आकड्यांची दोन वर्तुळे दिसू लागतात, त्याने सुरुवातीला मुले गोंधळली, आठवड्यात सरावली. सेटिंग बदलल्यावर क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. त्याच ठिकाणी टॅबची स्वतःची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याची सोय असते, तीही चालू ठेवावी.

या निमित्ताने जुन्या नोंदी चाळल्या. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती सभासदांनाही वापरता येईल. नोंद चुकली असेल तर खरी वेळ आणि छापलेली वेळ यांत फरक किती, ते आधी मोजावे. बरोबर बारा तासांचा फरक असेल तर तो एएम-पीएमचा घोळ. चिठ्ठीवरची वेळ आणि फॉर्म भरल्याची वेळ एकच असेल, तर चिटबॉयने घड्याळ उघडले आणि काही न बदलता 'सेट' दाबले, असे समजावे. याच्या उलट, वेळ निवडूनही चौकट कोरीच राहिली असेल तर अँड्रॉइडवर 'सेट' न दाबता बाहेर बोट लागलेले असते. तसे केले की निवड रद्द होते.

फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला तर मात्र चिटबॉयला बोल लावू नका, ती चूक आमची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. चौकटीत भरलेल्या वेळेबरोबर कोणत्या देशाची वेळ हे जात नाही, फक्त आकडे जातात. आपल्या प्रोग्रॅमने एका ठिकाणी ते आकडे जागतिक वेळेत बदलून ठेवले आणि परत दाखवताना उलटे बदलायचे राहून गेले. परिणामी पहाटे चारला सुरू झालेली तोड चिठ्ठीवर आदल्या दिवशी रात्री साडेदहाची दिसू लागली. तारीखसुद्धा बदलली! ताजा ऊस कागदावर शिळा झाला. आता भरलेली तारीख आणि वेळ जशीच्या तशी ठेवली जाते.

आणखी एक प्रकार सांगतो, त्यात हसूही येते. हार्वेस्टर रात्रीही चालतात. रात्री अकराला भरायला घेतलेली गाडी दोनला भरते. वेळेच्या चौकटीत तारीख नसते, म्हणून प्रोग्रॅमला वाटे की गाडी भरायला घेण्याआधीच भरून झाली, आणि तो फॉर्म अडवी. पोरांनी यावर तोडगा काढला तो असा की सरळ रात्रीचे ११:५९ भरायचे. नोंदी चाळताना ११:५९ ला भरलेल्या इतक्या गाड्या निघाल्या की घड्याळ त्या मिनिटाला अडकून बसले होते की काय असे वाटावे. दोष त्यांना देत नाही. रात्री दोन वाजता फडात उभ्या असलेल्या माणसाला फॉर्म पुढे जात नसेल तर तो काय करणार? आता भरून झाल्याच्या वेळेशेजारी तारखेची चौकट दिली आहे.

इथेच सभासदांनी एक ध्यानात घ्यावे. आपण बोलताना "काल रात्री बारा वीसला" म्हणतो, पण बारा वाजून गेले की तारीख आजची होते. सांगताना "रात्री बारानंतर" असे सांगावे.

आयपॅड दोनच गट ऑफिसांत आहेत, त्यामुळे त्यांचे थोडक्यात. फॉर्ममध्ये घातलेली लवकरात लवकर आणि उशिरात उशिराची मर्यादा, किंवा पाच-पाच मिनिटांचा टप्पा, आयपॅडची चाके पाळत नाहीत. ती सर्व वेळा दाखवतात. म्हणून अशी तपासणी फॉर्म पोचल्यावर कारखान्याचा संगणक करतो.

संगणक विभागातल्या एकाचे म्हणणे पडले की टॅबचे घड्याळ काढूनच टाकावे आणि सगळीकडे आपली यादी द्यावी. मला ते पटले नाही. चिखलाने भरलेल्या बोटांना ती मोठी तबकडी सोयीची पडते आणि रोजच्या तोडीच्या नोंदीला ती पुरते. फक्त जळिताच्या फॉर्ममध्ये आम्ही ती काढली. तिथे आता तासांची यादी येते आणि प्रत्येक तासापुढे शब्द असतो : रात्री १२, रात्री १, पहाटे ४, सकाळी ७, दुपारी १२ असे. चिटबॉय आणि सभासद एकाच भाषेत वेळ वाचतात. सहीपूर्वी तीच वेळ मोठ्या अक्षरात पुन्हा दिसते, उदाहरणार्थ 'रात्री १२ वाजून २० मिनिटे'.

ही ओळ चिटबॉयला मोठ्याने वाचायला सांगावी आणि मगच सही करावी. वाचता येत असेल त्यांनीसुद्धा. चिठ्ठी हातात आल्यावर चूक दिसली तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे. दुरुस्तीच्या अर्जात खरी वेळ, छापलेली वेळ आणि फॉर्म भरल्याची वेळ अशा तिन्ही लिहाव्यात. पहिली नोंद पुसली जात नाही, दुरुस्ती तिच्याखाली दिसते.

आबांना दुरुस्त दाखला दिला आहे. सोबत चूक कशी झाली याचे माझ्या सहीचे पत्रही जोडले आहे. त्यांचा अर्ज अद्याप निकाली निघालेला नाही.