लुगड्यांची चौघडी

आमची आई २०११ सालीं गेली. वर्षश्राद्ध आटोपल्यावर आम्हीं चौघां भावंडांनीं वाईच्या घरांतील तिची ट्रंक उघडली, तेव्हां तींत एकंदर अकरा नऊवारी लुगडीं निघालीं. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा, तीन माहेश्वरी, आणि बाकीचीं रोजच्या नेसण्याचीं, धुऊन धुऊन सायीसारखीं मऊ झालेलीं. नऊवारी नेसणारें आतां घरांत कोणी उरलेलें नाहीं. कोणास द्यावीं तर इतकीं जुनीं वस्त्रें देणेंहि बरें दिसेना. मीं सहज म्हटलें, "ह्यांच्या चार गोधड्या शिवतें, प्रत्येकाला एकेक होईल." त्यावर दादा ताडकन् म्हणाला, "आईच्या लुगड्यांना कात्री लावायची नाहीं." इतकेंच बोलून तो उठून अंगणांत गेला. ट्रंक मिटली ती पुढें दोन वर्षें कोणीं उघडली नाहीं.

त्याचें म्हणणें मला तेव्हां हट्टाचें वाटलें, पण तें मनांतून जाईना. घरांतलें प्रत्येक जुनें लुगडें शेवटीं गोधडींतच जावयाचें, ही आपल्याकडील पिढ्यान् पिढ्यांची रीत. बारशाचें दुपटें आणि कुंची हीं आजीच्या लुगड्याचींच शोभतात. नव्या कापडांतील खळ आणि त्याचा करकरीतपणा तान्ह्या अंगाला सोसत नाहीं, म्हणून पहिलें वस्त्र जुनें घालावें असा बायकांचा संकेत असे, आणि तो अगदीं समंजस होता. पण बाळासाठीं फाडलेलें लुगडें जिवंत, हंसत्या आजीचें असतें. गेलेल्या आईच्या वस्त्राची गोष्ट निराळी, हें मला त्या वेळीं उमगलें नव्हतें.

अशा वस्तूंत माणूस किती गुंतलेलें असतें ह्याचा एक दाखला बंगालमध्यें आहे. आपण गोधडी म्हणतों तिला तिकडे 'कांथा' म्हणतात; संस्कृतांतील बैराग्याची 'कंथा' ती हीच. कलकत्त्याजवळ जोका येथें गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) ह्यांनीं गोळा केलेल्या लोककलेचा संग्रह आहे. त्यांत मानदासुंदरी दासी नांवाच्या एका बाईनें एकोणिसाव्या शतकांत शिवलेली कांथा आहे. ती तिनें स्वतःच्या हातानें आपल्या वडिलांसाठीं केली, असें तिनेंच सुईदोऱ्यानें तिच्यावर लिहून ठेविलें आहे. त्या काळच्या बाईला आपलें नांव कोठें लिहून ठेवण्याचा प्रसंग फारसा येत नसे. हिनें तें बापाला द्यावयाच्या पांघरुणावर लिहिलें!

आपल्या शेजारीं उत्तर कानड्यांत सिद्दी लोकांच्या बायका 'कवंदी' शिवतात. आफ्रिकेंतून शेंकडों वर्षांपूर्वीं आलेल्या ह्या लोकांच्या गोधडीच्या चारहि कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांचीं त्रिकोणी फुलें बसविलेलीं असतात. तीं नसलीं तर कवंदी उघडीनागडी राहिली असें त्या मानतात. आपल्या देशावरच्या गोधडीला असा कांहीं शृंगार सहसा नसतो. कडेपासून निघावें, चौकोनांत चौकोन घालीत मध्यापर्यंत यावें, बस्स. पण त्या साध्या धांवदोऱ्याला पाण्यावरील लाटांसारखी एक शोभा येते, ती मला तरी भरतकामाहून अधिक आवडते.

दादाच्या हट्टाचें उत्तर मला सांपडलें तें एका अनपेक्षित जागीं. आमच्या आळींत घरोघर फिरून गोधड्या शिवून देणारी एक बाई येत असे. (तिच्याशीं मजुरीची घासाघीस करणाऱ्या आम्हां शिकलेल्या बायका नंतर त्याच तोंडानें हस्तकलेचें कौतुक करतों, हें येथें नमूद केलेलें बरें.) तिला मीं माझी अडचण सांगितली. ती हंसली आणि म्हणाली, "कात्री कशाला लागती, बाई? घडी घाला की." चौघडी हा शब्द मीं जन्मभर उच्चारला होता, त्यांत चार घड्या आहेत हें मला त्या दिवशीं प्रथम ऐकूं आलें.

हिशेब अगदीं सरळ आहे. लुगडें नऊ वार लांब आणि पन्ह्यानें सुमारें सव्वा वार. दोन लुगडीं काठाशीं काठ लावून लांबीभर जोडलीं कीं पन्हा अडीच वार होतो. मग नऊ वारांच्या चार घड्या, उलटसुलट, एकीवर एक. प्रत्येक घडी सव्वादोन वारांची. झालें, एका माणसाला ऐसपैस पुरेल असें चार पदरी पांघरूण तयार, आणि कापडाला कोठेंहि छेद नाहीं. पदराचें टोंक शेवटच्या घडीवर येईल असें पाहावें, म्हणजे तें वर, उशाशीं राहतें. लुगडें जेथें विरलें असेल तो भाग शक्यतों मधल्या दोन थरांत जावा. रंग सुटणारें लुगडें असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तें आधीं वेगळें धुवावें. आमच्या चंद्रकळेनें चार वेळां पाणी काळें केलें.

घडी पडल्यावर खरी मेहनत. सतरंजीवर सारें ताणून पसरावें, सुरकुती हातानें बाहेर काढीत जावी आणि वीतभर अंतरावर कच्चे टांके घालून थर एकमेकांशीं बांधून टाकावे. हें काम दोघींनीं करावें. एकटीनें केल्यास खालचा थर हटकून गोळा होतो आणि तें अर्धी गोधडी झाल्यावर कळतें. माझ्या पहिल्या गोधडीचें तसेंच झालें, आणि आठ दिवसांचें शिवण मला उसवावें लागलें. नंतर जाड सुती दोऱ्यानें कडेपासून धांवदोरा. दोन ओळींत एका बोटाचें, म्हणजे साधारण २ सेंटिमीटरांचें अंतर ठेवलें तर एका गोधडींत सुमारें २३५ मीटर शिवण भरतें. सेंटिमीटरला एक टांका धरला तरी २३ हजारांवर टांके झाले. मिनिटाला बारा पडले तर ३२-३३ तास; म्हणजे रोज दुपारीं एक तास बसलें तर एक महिना. मला प्रत्येकीस दोन महिने लागले. चार थरांतून सुई काढतांना मधलें बोट सोलून निघतें, म्हणून अंगुस्तान वापरावें. माझ्या आईनें तें कधीं वापरलें नाहीं आणि मींहि पहिला महिना, केवळ तिच्याशीं बरोबरी करण्याच्या वेड्या हौसेनें, वापरलें नाहीं.

दादाला मीं फोनवर इतकेंच विचारलें, "न कापतां शिवली तर चालेल का?" तो म्हणाला, "बघ तुला जमेल तसें." २०१४ च्या दिवाळींत चारहि गोधड्या पुऱ्या झाल्या. दोन्ही इरकली दादाच्या गोधडींत घातल्या होत्या, कारण सणावारीं आई त्याच नेसे. तांबडा रेशमी पदर उशाकडे आला. धाकट्या बहिणीनें आपली तेथल्या तेथें अंगावर घेतली आणि नाक खुपसून म्हणाली, "अजून वास येतो." साबणाचा असेल, मीं कांहीं बोललें नाहीं. मधला भाऊ परदेशीं असतो. दीड-पावणेदोन किलोंचें तें ओझें तो सामानांत नेईल कीं नाहीं अशी मला शंका होती, पण त्यानें त्यासाठीं लोणच्याची बरणी मागें ठेवली. दादानें मात्र आपली गोधडी घडी न मोडतां पिशवींत घातली आणि नागपुरास नेली. ती कपाटांत ठेवली आहे, असें पुढें वहिनीकडून कळलें. मला वाईट वाटलें, हें लपवीत नाहीं.

माझ्या मुलींच्या पिढीला हें जमेल का, असें मला पुष्कळजणी विचारतात. शिवणें जमेल, कापडाचीच पंचाईत आहे. आजच्या बऱ्याचशा साड्या कृत्रिम धाग्याच्या. त्या घाम टिपीत नाहींत, ऊब धरीत नाहींत आणि कितीहि धुतल्या तरी जुन्या सुतासारख्या निवत नाहींत. तेव्हां ज्यांच्याकडे सुती साड्या असतील त्यांनीं त्या भांडीवाल्याला देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. सहावारी साडीच्या तीनच घड्या बसतात, पण आपल्याकडील थंडीला तेवढ्या पुरतात. सुती साड्या अगदींच नसतील तर पुरुषांचीं धोतरें आणि सदरे आहेत. सदऱ्यांना कात्री लावावीच लागते, पण त्याला कोणाची हरकत असल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

२०२२ च्या नवरात्रांत नागपुराहून एक पार्सल आलें. आंत दादाची गोधडी, आणि वर चिठ्ठी: "कड विरली आहे. थंडीच्या आंत दुरुस्त करून पाठव." मीं उलगडून पाहिली. उशाकडचा तांबडा पदर हनुवटीशीं घांसून घांसून दोन जागीं फाटला होता आणि एका कडेचा धांवदोरा पार निघाला होता. कपाटांत ठेवलेल्या गोधडीची अशी दशा होत नाहीं. ठिगळ द्यावयास तसेंच जुनें, मऊ कापड हवें होतें, आणि माझ्यापाशीं उरलेलीं तीं तीन माहेश्वरी लुगडीं तशींच, अखंड होतीं. मीं दादाला फोन करून विचारलें, "ह्यांतलें एक कापूं का?"

तो थोडा वेळ बोललाच नाहीं. मग म्हणाला, "काप. काठ तेवढा राहूं दे."