दोन खोल्यांचा अणू

किरणोत्सर्गी पदार्थाचं अर्धायुष्य तापवून, दाबून किंवा कशात मिसळून बदलता येतं का, असं एका वाचकांनी विचारलं आहे. शाळेतलं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते पुरतं. त्याला किंचित खोटं पाडतो एक हलका धातू : बेरिलियम-७.

याचं अर्धायुष्य सुमारे ५३ दिवस. लिथियम-७ व्हायचं तर केंद्रकातल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायला हवा. पॉझिट्रॉन बाहेर टाकून ते साधण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी नाही. म्हणून ते स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळतं. साहजिकच, इलेक्ट्रॉन केंद्रकापाशी किती सापडतो यावर ऱ्हासाचा वेग ठरतो. जड अणूंचे रासायनिक बंध बाहेरच्या कक्षांत जुळतात. चौसोपी वाड्याच्या दिंडीदरवाज्यात कोण आलं, ते माजघरात कळत नाही, तसं. बेरिलियमकडे मात्र इलेक्ट्रॉनच चार. हे चाळीतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. दारावरची थाप थेट चुलीपर्यंत पोचते!

एमिलिओ सेग्रे यांनी हे १९४७ मध्ये ओळखलं. शुद्ध धातू आणि त्याचं फ्लोराइड यांच्या ऱ्हासात पुढे जो फरक मोजला गेला, तो ०.१ टक्क्याहूनही कमी होता. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी बेरिलियम-७ साठ कार्बन अणूंच्या पिंजऱ्यात कोंडलं, तेव्हा अर्धायुष्य धातूतल्या ५३.१२ दिवसांवरून ५२.६८ वर आलं. म्हणून ‘आता अणुकचरा झटपट संपवू’ अशा मथळ्यांनी हुरळून जाऊ नये. कचऱ्यातलं सीझियम-१३७ इलेक्ट्रॉन गिळत नाही, बाहेर टाकतं. त्याला पिंजऱ्याचं सोयरसुतक नाही.

उलट टोक पाहा. वैश्विक किरणांत सगळे इलेक्ट्रॉन सोलून निघालेली बेरिलियम-७ची केंद्रकं असतात. गिळायला काहीच नाही, म्हणून ती ऱ्हासही पावत नाहीत.

हेच किरण आपल्या हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनची केंद्रकं फोडून नवं बेरिलियम घडवतात. ते धूलिकणांना चिकटून पावसाबरोबर खाली येतं. पावसाच्या पाण्यातल्या बेरिलियमच्या या समस्थानिकांवर १९५६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निबंध निघाला. देवेंद्र लाल त्याच्या लेखकांपैकी एक. या कामामागची प्रेरणा बर्नार्ड पीटर्स यांची, आणि त्यांचं नाव आपण फारसं घेत नाही. नाझींच्या डाखाऊ छावणीतून सुटलेला, ओपेनहायमरचा विद्यार्थी असलेला हा माणूस, अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून संशयित ठरल्यावर १९५१ मध्ये मुंबईला आला. त्या वेळी संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. लाल त्यांचेच विद्यार्थी.

त्या पावसातलं बेरिलियम-७ आज मृदाशास्त्रज्ञ वापरतात. ते मातीच्या अगदी वरच्या थराला घट्ट धरून राहतं आणि वर्षभरात त्याचा शंभरावा हिस्साही उरत नाही. म्हणून उतारावरच्या शेतात ते कमी आढळलं, तर माती गेल्या काही आठवड्यांच्या पावसातच धुपली, असं सांगता येतं. गेल्या वर्षीच्या धुपीचा हिशोब त्यात मिसळत नाही.